सात नंबरची जर्सी

योगराजचा गुडघा मोडला तेव्हा जळगावच्या फुटबॉल क्लबचे मालक अभयकुमार शेठनी त्याला भरमैदानात क्लबची सात नंबरची जर्सी उतरवायला लावली. "लंगड्या घोड्याला खोगीर कशाला?" शेठ म्हणाले, अन् अख्खं मैदान हसलं. योगराज उघड्या अंगानेच आपल्या गावच्या, सावद्याच्या बसमध्ये चढला.

तो अपमान त्याने नऊ वर्षं मनात धरला. आज धुळ्याच्या संघाचा मॅनेजर होऊन त्याने जळगावातच शेठच्या संघाला तीन गोलांनी लोळवलं. रिवाजाप्रमाणे यजमान शेठ शाल-श्रीफळ घेऊन पुढे आले.

योगराजने हात मागे बांधले.

"शाल ठेवा, शेठ. माझी सात नंबरची जर्सी द्या."

ती जर्सी आता शेठच्या मुलाच्या, कप्तान जिनेशच्या अंगात होती.

"इथंच उतरवायला सांगा. उघड्या अंगाने घरी जाताना कसं वाटतं, ते तुमच्याही घरात कळू द्या."