खळ्यावरच्या चार खुंट्या

"मेल्या, बूट काढ माझ्या जवळ्यावरून!"

मिहिर ऐकतोय कशाला! कॅम्पचा मॅनेजर तो. माझा अर्धवट सुकलेला जवळा टाचेनं बाजूला ढकलत म्हणाला, "दशरथ, चटई टाक. पाहुणे येतील आता."

दशरथ म्हणजे माझा नवरा. गोराईच्या किनाऱ्यावर हा कॅराव्हॅनचा, म्हणजे राहायच्या गाड्यांचा, कॅम्प झाला, तेव्हापासून चटयांचं काम त्याचं. गाडीच्या दारापुढे प्लास्टिकची मोठी चटई अंथरायची, कोपरे ताणून लोखंडी खुंट्या ठोकायच्या. का, तर पाहुण्यांच्या नाजूक पायांना वाळू लागू नये! आणि या खुळ्यानं परवा मॅनेजरपुढे फुशारकी मारली, "आमच्या खळ्यासारखी सपाट जमीन अख्ख्या गोराईत नाही, साहेब." घेतला धोंडा पायावर पाडून. माझ्या सासूनं चाळीस वर्षं चोपून, शेणानं सारवून केलेलं हे मासळी सुकवायचं खळं. कागद कुठला? जी रोज मासळी पसरते तिचं खळं, हाच आमचा कागद. इथं चटई पडली की खळं गेलं. मग मी विकू काय, वाळू?

दशरथनं मान खाली घालून चटई पसरली. मी जवळा पसरायची लाकडी फावडी उचलली आणि मिहिरच्या तोंडावर हाणली. त्याचा ओठ फाटला. त्यानं माझा अंबाडा धरून मला त्या चटईवरून फरफटत नेलं.

"बघतोस काय, दशरथ? ठोक! नाहीतर उद्यापासून घरी बस."

दशरथनं ठोकल्या. एक, दोन, तीन, चार. मी सुटले आणि त्याच्या हातोड्याला झोंबले. "आईचं खळं आहे रे तुझ्या!"

त्यानं मला थोबाडीत मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. माझा दात हलला, तोंडात रक्त आलं.

"कमळ, ऐक गो, नोकरी जाईल..." एवढं म्हणाला आणि आपल्याच हाताकडे बघत राहिला. मग हातोडा फेकला आणि खुंट्या हातानं उपटायला लागला. मिहिरनं बरगडीत लाथ घातली. कॅम्पचे वॉचमन धावून आले, त्यांच्या काठ्या त्याच्या पाठीवर पडत होत्या. एक उजव्या मनगटावर बसली, हाड मोडलेलं मी ऐकलं. चौथी खुंटी त्यानं डाव्या हातानं काढली. तोवर आमच्या बाया कोयते घेऊन धावत आल्या आणि मिहिर गाडीत शिरला.

आज नववा दिवस. चटया दुसरीकडे गेल्या, नोकरीही गेली. मी दशरथशी बोलत नाही. नंतर मार खाल्ला म्हणून काय माझी थोबाडीत फिटते?

सकाळी टोपली घेऊन खळ्यावर आले तर हा आधीच तिथं बसलेला. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातानं खुंटीच्या भोकात शेणमाती भरत होता. मला बघून थांबला.

मी टोपली खाली ठेवली.

"नीट दाब," मी म्हटलं. "खड्डा राहिला तर जवळा आत जातो."

तो अंगठ्यानं दाबत राहिला.