अकरा दारं आणि माझं कुरकुरणारं चाक

"गाडीबाई, तुम्हाला एकटं वाटतं का हो?"

हा प्रश्न मला एका मुलीनं विचारला. तोही मनापासून नव्हे, पैजेवर. अडगळीची खोली आवरायला ती दोन मैत्रिणींना घेऊन आली होती. हिंमत असेल तर त्या गंजक्या गाडीला मोठ्यानं विचारून दाखव, असं त्या दोघींनी तिला डिवचलं, आणि मिठूनं कमरेवर हात ठेवून खरंच विचारलं. इथे सगळे तिला मिठू म्हणतात. लहानपणी ती इतकी गप्प असायची की हे नाव चिडवायला पडलं होतं. आता कुणी चिडवत नाही, उलट जरा थांब, किती बोलशील म्हणतात. विचारून झाल्यावर तिघी खो खो हसल्या. मित्रांनो, मला मात्र गलबलून आलं. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी एक जुनी ढकलगाडी आहे. पत्र्याचे तीन कप्पे, चार चाकं आणि एक दांडी, एवढाच माझा संसार. कारखान्यात माझं शेवटचं चाक बसवताना कामगाराच्या जेवणाची सुट्टी झाली. त्यानं ते घाईघाईत आवळलं, ते जरा तिरकंच राहिलं. तेव्हापासून मी चालू लागले की चीं-कुर्र, चीं-कुर्र. आधी मी एका दवाखान्यात चादरी वाहायचे. पण रोग्यांची झोपमोड होते म्हणून तिथल्या परिचारिकांनी मला इथे देऊन टाकलं.

हे घर वेगळं आहे. लांबलचक ओसरी, एका टोकाला स्वयंपाकघर आणि ओळीनं अकरा खोल्या. ज्यांना जायला जागा उरली नाही, ती माणसं इथे राहतात. कुणाला मुलानं बाहेर काढलं, कुणी आजारातून उठलं तेव्हा भाड्याची खोली गेली होती. इथे प्रत्येकाला आतून लावता येईल अशी कडी मिळते, बाहेरून ती फक्त अडीअडचणीला किल्लीनं उघडते, आणि काम शोधून द्यायला एक सर येतात. मिठूची आई इथली व्यवस्थापक, बाबा आचारी. या घराचा एक नियम आहे, कुणाचंही दार वाजवायचं नाही. या माणसांची दारं पूर्वी फक्त "सामान उचला" म्हणायलाच वाजली होती. थाप पडली की ती अजूनही सामान आवरायला घेत.

मग ती साथ आली. जेवणघराला कुलूप लागलं. सर फोनवरूनच काम शोधू लागले. अकरा माणसं अकरा दारांमागे बसली, आणि माझं नशीब उघडलं. रोज पावणेएकला मी डबे घेऊन निघायचे. प्रत्येक दाराशी एक स्टूल होतं, त्यावर डबा ठेवायचा आणि पुढे जायचं. दार वाजवायचं नाही, पण त्याची गरजच नव्हती. चीं-कुर्र ऐकलं की आतून कड्या निघायच्या. दारं बोटभर उघडायची. कुणी डोळ्यांनी हसायचं, कुणी हात हलवायचं. दिवसभरात त्यांना दिसणारं एकमेव माणूस म्हणजे मला ढकलणारी ताई.

ताई स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत राहायची. त्याआधी दोन वर्षं ती बसस्टँडवर झोपत होती. कुठल्याही कामावर तिला आठ दिवसांपेक्षा जास्त कुणी ठेवलं नव्हतं. सरांनी तिला इथेच एक महिन्याचं काम मिळवून दिलं. महिना नीट गेला तर कामाचा दाखला मिळणार होता, आणि दाखला मिळाला तर बाहेर पक्की नोकरी. बिचारी इतकी हळू बोलायची की शब्द मास्कच्या बाहेरच पडत नसत. ती मला जिवापाड जपायची. रोज पुसायची, कप्प्यांत वर्तमानपत्र अंथरायची.

आणि त्या जपण्यातच घोटाळा झाला. महिना भरायला तीन दिवस उरले होते. माझ्या कुरकुरीची कुणी तक्रार केली तर? या भीतीनं तिनं शिलाई यंत्राचं तेल आणून माझ्या चाकात ओतलं. दुसऱ्या दिवशी मी पाण्यासारखी वाहिले. ताईची मान अभिमानानं ताठ झाली. डबे ठेवून आम्ही परत आलो, आणि अकरापैकी एकही दार उघडलं नाही.

दोन वाजता रिकामे डबे घ्यायला गेलो, तर सगळे डबे भरलेले, जागच्या जागी. ज्यांना आयुष्यभर "नाही" ऐकायची सवय झालेली असते, ती माणसं दार उघडून जेवण का आलं नाही म्हणून विचारत नाहीत. गपचूप पाणी पितात. दार वाजवावं तर नियम. आवाज द्यावा तर तो दारापलीकडे पोचेना. मग तिनं मास्क खाली ओढला, डोळे मिटले आणि तोंडानंच सुरुवात केली.

"चीं-कुर्र... चीं-कुर्र..."

मित्रांनो, माझी नक्कल इतकी हुबेहूब! एकेक कडी निघाली. दहा दारं उघडली. अकरावं उघडलं नाही.

तिथे एक आजोबा राहायचे, घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांना मधुमेह. साडेबाराला गोळी आणि पावणेएकला मी, असा त्यांचा काटेकोर हिशेब. ताई धावत जाऊन व्यवस्थापकबाईंना जादा किल्लीसकट घेऊन आली. आजोबा घामानं डबडबून खाटेवर आडवे होते. साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पोटात गेलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

ताईनं लपवलं नाही. "मीच तेल घातलं," ती म्हणाली. "आवाजावरून बोलणी बसतील आणि मला काढतील असं वाटलं."

"बोलणी कशाला बसतील? अगं, तो आवाज ऐकून मीसुद्धा जेवायला उठते," बाई म्हणाल्या. "जा, साबण आण. धुऊन टाकू ते चाक."

दोघींनी मिळून माझं चाक घासलं. महिना भरल्यावर ताईला दाखला मिळाला, पुढे एका मोठ्या स्वयंपाकघरात कामही. जाताना तिनं माझी दांडी पुसली. आधीच पुसलेली होती, तरी पुन्हा पुसली.

साथ ओसरली. जेवणघर उघडलं, आणि मी अडगळीत आले. चार वर्षं झाली. भिंतीपलीकडून ताटांचा आवाज येतो. माझ्या तिरक्या चाकात कोळ्यानं घर केलंय, तोच माझा शेजारी. तोही फारसा बोलत नाही. उद्या भंगारवाला येणार आहे. तर मिठू, वाटतं गं मला एकटं.

हे ती ऐकू शकत नव्हती. तिनं हसत हसत मला दांडीला धरून ओसरीत ओढलं. चीं-कुर्र! मैत्रिणींनी कानांवर हात ठेवले. तेवढ्यात ओसरीच्या टोकाला एक कडी निघाली. अकरा नंबरचं दार बोटभर उघडलं.

"आलीस का गं?" आजोबा मलाच म्हणाले. "आज फार उशीर केलास."

तिघींचं हसू तिथेच थांबलं. आजोबांचे गुडघे गेलेत, जेवणघरापर्यंत त्यांना चालवत नाही. ज्याला आठवेल तो त्यांचा डबा स्टुलावर ठेवून जातो. दार वाजवायचं नाही म्हणून वाजवत नाही. कधी तो डबा त्यांना संध्याकाळी सापडतो, थंडगार. त्यांनी एकदाही तक्रार केली नव्हती. हे सगळं मिठूनं त्यांच्याकडून एकेक शब्द करत काढून घेतलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी कुरकुरत असेल. एखादं दार, एखादा पंखा, एखादं म्हातारं माणूस. त्याला गप्प करण्याआधी, तो आवाज कुणाला हवा आहे का, तेवढं विचारा. मी यापलीकडे काही मागत नाही.

माझा आवाज ऐकून बाबा हातात झारा घेऊन बाहेर आले होते, आई भंगाराची यादी घेऊन. मिठूनं माझी दांडी सोडली नाही.

"आई, भंगारवाल्याला ही गाडी मिळणार नाही," ती म्हणाली. "बाबा, माझी शाळा साडेबाराला सुटते. आजोबांचं ताट उद्यापासून मी नेणार, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत तिथेच बसणार. मी ठरवलंय. आणि हिच्या चाकाला कुणी तेल घालायचं नाही."