कुमुदिनीच्या फोनवरचा नवरा

घरात स्मार्टफोन एकच, आणि तो घेऊन बाबूराव नेदरलँड्सला गेले, लेकाकडं, नव्या नातीला बघायला. प्रभावतीचा पासपोर्ट वेळेवर आला नाही, म्हणून ती इंदूरमध्ये, 'जुनी इंदूर' भागातल्या घरी, मागं राहिली, बटणांच्या जुन्या फोनसोबत. त्यावर परदेशी बोलायचं म्हणजे मिनिटामिनिटाला खिसा रिकामा. इंटरनेटवरून फुकट बोलता येतं, पण समोरही तसा फोन लागतो. लेकानं, ज्ञानदीपनं, तोडगा काढला. शेजारच्या कुमुदिनीकाकूंच्या फोनवर लावायचं.

झालं! रोज संध्याकाळी सहाला प्रभावती केस विंचरून शेजारी जायची, स्वतःच्या नवऱ्याशी बोलायला. फोन कुमुदिनीचा, म्हणून आधी बोलणार कुमुदिनी.

"भाऊजी, आज काय जेवलात? ठंड बहुत आहे का हो तिकडं?"

बाबूराव खदाखदा हसायचे, बर्फाच्या गमती सांगायचे. मग प्रभावतीची पाळी यायची.

"गॅस आला का?"

"आला."

"मोटर बरोबर चालते ना?"

"चालते."

संपलं. तेवढ्यासाठी कुमुदिनीचा चहा प्यायचा आणि वर आभार मानायचे.

एके दिवशी कुमुदिनी बोलून गेली, "आज दुपारी भाऊजी सांगत होते, ट्राममध्ये रस्ता भटकले म्हणून."

प्रभावतीच्या हातातला कप थांबला. "दुपारी? दुपारी पण फोन येतो?"

"हां, कधी कधी. बस, असंच."

त्या 'असंच'नं प्रभावतीच्या अंगाचा तिळपापड झाला. भिशीचे पैसे ती कूलरसाठी राखून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते उचलले, बाजार गाठला आणि नवा फोन घेतला. दुकानदाराकडून सगळं चालू करून घेतलं आणि घरी येऊन पहिला फोन लावला.

"मी बोलतेय. माझ्या स्वतःच्या फोनवरून."

"अरे वा!" बाबूराव म्हणाले. "गॅस किती दिवस पुरेल?"

तिनं रागानं फोन ठेवला.

संध्याकाळी कुमुदिनी नवा फोन बघायला आली. खुर्चीत टेकत म्हणाली, "चला, माझी छुट्टी झाली. सच सांगू वहिनी? भाऊजी दुपारी फोन करून रडायचे हो. 'प्रभाशिवाय करमत नाही,' म्हणायचे. 'पण तिला बोलू नका, हसेल ती मला.'"

प्रभावतीला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. पण त्याहून जास्त झाला तो जळफळाट. सदतीस वर्षं हे एक वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते, आणि ते या बाईनं ऐकलं, भाजी निवडता निवडता, कितीदा तरी!

तिनं तिथंच फोन लावला.

"कुमुदिनीला दुपारी जे सांगत होता, ते मला सांगा."

पलीकडून हळू आवाजात, "अगं, इथं सगळे बसलेत."

"मग गॅलरीत जा. मी थांबते."

दार सरकल्याचा आवाज आला, मग वाऱ्याचा. कुमुदिनीनं खुर्ची पुढं ओढून घेतली होती. प्रभावतीनं तिला दंडाला धरून उठवलं, दाराबाहेर नेऊन सोडलं आणि आतून कडी लावली.

"हं," ती फोनमध्ये म्हणाली, "आता बोला."