मला पाण्यात उतरवलेत तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाय आहे. लगेच हळवे होऊ नका. हळव्या माणसांचा मला फार राग येतो. का, ते ऐका.

सैनिकांच्या दवाखान्यातल्या सुताराने मला हलक्या लाकडातून घडवले, जाड चामड्याचे पट्टे लावले आणि एका तरुण सैनिकाला दिला. त्याचा डावा पाय सुरुंगाने नेला होता. तो घरी परतला त्याच वर्षी जवळच्या खाणीतल्या पाण्यात दोन भावंडे बुडाली. तेव्हापासून सव्वीस वर्षे तो सार्वजनिक तलावावर रोज सकाळी मुलांना फुकट पोहायला शिकवत आला. सगळे त्याला फौजी मास्तर म्हणतात.

माझे काम काठापर्यंतचे. तिथे तो पट्टे सोडी, मला बाकावर ठेवी आणि एका पायावर असा सूर मारी की भित्री पोरे रडायचे विसरत. पाण्यात त्याला माझी गरज नव्हती. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

मग तलावावर नवे व्यवस्थापक आले. बोलणे एकदम गोड.

"मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहेच हो. पण तो तुटका पाय बघून लोकांना कसंतरी होतं. लाकडी पाय लावून उतरा, नाहीतर शिकवणं बंद करावं लागेल."

"लाकूड आहे साहेब ते. तरंगतं."

"मग बरंच की. बुडायची भीती नाही."

असे अकलेचे तारे तोडून ते खुर्चीत जाऊन बसले. काठावर दहाबारा पालक होते. त्यातल्या चौघांना लहानपणी मास्तरनेच पोहायला शिकवले होते. सगळे आपापल्या मुलांचे टॉवेल घडी करत राहिले.

शिकवणे सुटू नये म्हणून मास्तर मला घालून उतरला. खोल पाण्यात जाताच मी वर उसळलो आणि त्याचे डोके खाली गेले. तो पट्टे ओढत होता, पण भिजलेले चामडे बकलात घट्ट बसले होते. मी लाकूड, तरंगण्यावाचून मला दुसरे काही येत नाही. शेवटी त्याच्याच वर्गातल्या आठ वर्षांच्या मुलीने दोर बांधलेली तरंगती रिंग फेकली.

"मास्तर, धडपडू नका. नुसतं धरून राहा."

तिला हे त्यानेच शिकवले होते. तिने त्याला काठाला आणले.

दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली: 'सुरक्षिततेसाठी अपंग व्यक्तींना पाण्यात उतरण्यास मनाई.' मुलीने विचारले, "मास्तर, आता आम्हाला कोण शिकवणार?" पाटीकडे बघत तो उभा राहिला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे शेवटी सांगायची आम्हा वस्तूंची रीत आहे. मी सांगणार नाही. मी फुगलो आहे, तडकलो आहे, मला खुशाल चुलीत घाला. पण ती पाटी काढायला लावा. आणि त्या चौघांना माझा निरोप द्या: मास्तरला पाण्याखाली मी नेले नाही. टॉवेलांच्या घड्या घालता घालता तुम्ही नेलेत.