तेलाचं बोट

दहिवडीच्या रस्त्याला, जिथं प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं दर्यावरच्या माणसाचा खांब उभा आहे, हेच मुळात नवल. सुलाबाईचा थोरला दीर अर्जुना मेंढरं सोडून नौदलात गेला, अधिकारी झाला आणि साठ वर्षांपूर्वी समुद्रातच राहिला. देह काही आला नाही. मग सासूनं, मनुबाईनं, निम्मी मेंढरं विकून हा उंच, निमुळता दगडी खांब उभा केला.

दर दसऱ्याला खांबाला चुना द्यायचा, ही सासूची शिस्त. ती गेल्यावर चाळीस वर्षं सुलाबाईनं ती मोडली नाही. आणि तोच चुना आता नडला. रस्ता रुंद व्हायला निघाला. इंजिनियर साक्षीनं सरळ सांगितलं, खांबावर नाव असलं तर स्मारक म्हणून क्रेननं उचलून कडेला बसवू, नसलं तर उद्या फोडावा लागेल. आता नाव कुठलं दिसतंय! बोटभर जाड चुना.

पुतण्या हंबीरराव तर म्हणाला, "काकी, चुन्यानं अक्षरं खाल्ली असत्याल. तुमीच पुसलं नाव."

झालं! सुलाबाईच्या तोंडचं पाणीच पळालं. वर जाऊन सासूला काय तोंड दाखवायचं?

सकाळी साक्षी करवंटी घेऊन हळूहळू खरवडायला लागली. वरचा चुना दगडाला असा चिकटलेला की हलेना. सुलाबाईनं डोळे मिटून घेतले. साक्षीचा हात जरा खाली गेला मात्र, चुन्याचा पापुद्रा पापडासारखा सुटून आला. आत अक्षरं, काल कोरल्यासारखी!

"आजी, इथंच कसा चुना धरला नाही?"

सुलाबाईला लख्ख आठवलं. चुन्याआधी सासू तेवढ्या खाचांवरनं तेलाचं बोट फिरवायची. पोराच्या नावाला चुना झोंबतो म्हणायची. सुलाबाईला तो खुळेपणा वाटायचा. वाचताही येत नव्हतं. पण पुढं खाचा बुजल्या तरी तिनं अंदाजानं दरसाल बोट फिरवलं होतं.

साक्षीनं मोठ्यानं वाचलं. अर्जुनाचं नाव, हुद्दा, आणि खाली, 'आई मनुबाई वाट पाहते'.

"न्हाई पुसलं मी," सुलाबाई हंबीररावाला म्हणाली आणि खांबाला टेकून मटकन खाली बसली. रडली, मग हसली. छाती मोकळी झाली. हंबीरराव मान खाली घालून क्रेनवाल्याला हाक मारायला गेला.

साक्षीनं बजावलं, यापुढं चुना अजिबात लावायचा नाही.

"बरं झालं बाई," सुलाबाई म्हणाली. "चुन्यानं हात लय फुटायचं. आता नुसतं तेल लावीन."