मेणाने बुजवलेल्या नळ्या

मेव्हण्याने रेडिओ आणून टेबलावर ठेवला, मागची फळी काढून दाखवली आणि मला कळलं. आत पिवळेधमक नवे कपॅसिटर होते.

"घ्या, भाऊजी! ताईच्या रेडिओकडे आता वर्षानुवर्षं बघायला नको. सगळे म्हातारे कपॅसिटर उपटून टाकले."

"रेडिओ बिघडला होता?"

"नाही. पण ते फुटेपर्यंत थांबायचं कशाला?"

माझं डोकं सणकलं. जुन्या रेडिओंची दुरुस्ती बायकोनेच या धाकट्या भावाला शिकवली. ती गेल्यावर दुकान तो बघतो. 'जरा धूळ झाडून आणतो' म्हणून रेडिओ घेऊन गेला होता.

"गाढवा, ते म्हातारे नव्हते! आजारी पडायच्या आधी तिने सगळे बदलले होते. जुन्या कपॅसिटरच्या पुठ्ठ्याच्या नळ्या गरम करून आतला गाभा काढला, नवा कपॅसिटर आत सरकवला, तोंडं मेणाने बुजवली. इथेच, ओट्यापाशी. मेण वितळवून माझं चहाचं पातेलं वाया घालवलं. 'उघडला तरी जुनाच दिसला पाहिजे,' म्हणाली. मी हसलो तर म्हणते, 'तुमचं उलटं आहे. वरून रंगरंगोटी, आत सगळं गळकं.'"

"मला कधी बोलली नाही ती."

"तू कधी विचारलंस? उपटायच्या आधी एक नळी तरी तपासायची! तिनेच शिकवलं होतं ना?"

तो उठून गेला. परत आला तो पिशवी घेऊन. दुकानातल्या कचऱ्यातून नळ्या वेचून आणल्या होत्या. एक फोडून बघितली होती. आत नवाकोरा कपॅसिटर. तोंड पाडून उभा राहिला. मला त्याची दया आली नाही. दुसऱ्या एका नळीच्या मेणात तिचा अंगठा उमटलेला होता.

"आत्ता परत बसवतो, भाऊजी."

"हात लावशील तर याद राख."

"मग कोण बसवणार? तुम्हाला साधा फ्यूज बदलता येत नाही."

खरं आहे. त्यात या शहाण्याने नळ्यांच्या तारा मुळापाशी कापल्यात, जोडायला धड टोक उरलेलं नाही. मी त्याला दाराबाहेर काढलं.

रेडिओ छान वाजतो म्हणे. मी लावलेला नाही. मागची फळी उघडीच आहे. नळ्या त्या पातेल्यात ठेवल्या आहेत. बसवायच्या राहिल्या आहेत.