चाळिसावी पुडी

मैकाकांनी बाही वर सरकवून हात टेबलावर ठेवला. डॉक्टर ओऊबाईंनी दंडाला पट्टा आवळला, शीर चाचपली, पण सुई काही टोचली नाही.

"काका, खरं सांगा. बाहेरचा कुठला झाडपाला घेता?"

"छे. तुमचा काढा पिऊनच तोंड कडूजार झालंय."

काढ्याने सोरायसिसच्या रुग्णांच्या रक्तात काय काय बदलतं, ते ओऊबाई दर पंधरा दिवसांनी मोजत. काकांच्या कोपरांवरचे पापुद्रे तीन महिन्यांत गळून गेले होते. बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि आलेखातल्या एका उंच टोकावर बोट ठेवलं.

"हे आमच्या काढ्यातलं नाही. सव्वीस जणांत फक्त तुमच्या रक्तात आहे. जुनी संत्र्याची साल, शिवाय कसली तरी मुळी."

"मग ते सूप असेल. रविवारचं."

ओऊबाईंनी कपाळाला हात लावला. घरोघरी मुळ्या-साली घालून शिजणाऱ्या सुपाला औषध म्हणणारा माणूस ग्वांगझूत शोधून सापडायचा नाही.

"चूक माझीच. माझी आईसुद्धा शिजवते, आणि सुपाचं विचारायचं मला सुचलं नाही. कोण करतं तुमच्याकडे?"

"मीच. पुड्या बायकोने बांधून ठेवल्यात. स्वतःचं दुखणं कळल्यावर बसून चाळीस बांधल्या. म्हणाली, चाळीस रविवारांत तुम्ही सावराल. माझ्या बाबतीत तिला नेहमीच फार भरवसा."

"मग, सावरलात?"

"कातडी सावरली," काका कोपराकडे बघत म्हणाले.

ओऊबाई हसल्या नाहीत. "सूप बंद करावं लागेल, काका. नाहीतर चाचणीतून तुमचं नाव गाळावं लागेल."

"बंदच झालंय. शेवटची पुडी काल शिजवली."

ती साल त्यांनी दोनदा उकळली होती. दुसऱ्या खेपेला नुसतं पाणीच उतरलं, तरी त्यांनी ते वाडग्याच्या तळापर्यंत प्यायलं. घरात तिच्या हातचं आता काहीच उरलं नव्हतं, आणि तिची इतकी आठवण तर ती गेली त्या आठवड्यातही आली नव्हती.

"मग प्रश्नच मिटला." बाईंनी पट्टा सोडला. "आजचं रक्त कामाचं नाही. शुक्रवारी उपाशीपोटी या. तोवर सगळं धुऊन निघेल."

काकांनी हात उचलला नाही.

"शुक्रवारी हे टोक दिसणार नाही?"

"नाही."

"आज आहे?"

"आज असणार."

"मग आजचं घ्या."

"घेऊन काय करू? असे नमुने आम्ही टाकून देतो."

"तुमचा तो मोठा फ्रीज आहे ना, आतून धूर निघतो तो. त्यात किती टिकतं?"

"वर्षानुवर्षं." बाई बोलून गेल्या.

बाहेर पुढच्या रुग्णाने दार वाजवलं. "थांबा जरा," ओऊबाई म्हणाल्या आणि त्यांनी पट्टा पुन्हा बांधला. रक्त सावकाश नळीत चढलं. काका सुईकडे न बघता नळीकडेच बघत होते.

नमुन्यांवर नाव घालायचं नाही, फक्त क्रमांक, हा बाईंचाच नियम. काकांचा क्रमांक सतरा. बाईंनी चिठ्ठी समोर ओढली, पेन उघडलं आणि काही न लिहिता मान वर केली.

"काकूंचं पूर्ण नाव सांगा."

काकांनी कापूस दाबून धरला. घरात एकट्याने राहताना हाक मारायची वेळच येत नाही.

"लिआओ मेइचान," ते म्हणाले, आणि मग जरा मोठ्याने, पुन्हा एकदा.